पदवीवरचं नाव कोण वाचतं?

एप्रिल-मेच्या सुमारास परदेशी शिक्षणाबद्दल विचारायला जे पालक घरी येतात, त्यांच्या हातात हल्ली एक तक्ता असतो. डावीकडे विद्यापीठाचं नाव, मध्ये खर्च, उजवीकडे जागतिक क्रमांक. परवा सांगलीकडून आलेल्या एका वडिलांच्या तक्त्यात तीनच ओळी होत्या. ब्रिटनमधला एक वर्षाचा एमएस्सी अभ्यासक्रम, क्रमांक दीडशेच्या आत, राहण्या-खाण्यासकट खर्च चाळीस लाखांच्या घरात. जर्मनीतलं एक सरकारी विद्यापीठ, क्रमांक पाचशेच्या पुढे, शुल्क नावापुरतं. आणि तिसऱ्या ओळीत लेकीला पुण्यात लागलेली नोकरी. तिच्यापुढे क्रमांकाच्या रकान्यात रेघ मारलेली. "सर, क्रमांक बघता पहिलंच घ्यायला पाहिजे ना? रान तारण ठेवायची तयारी आहे आपली," ते म्हणाले. लेक शेजारी गप्प बसली होती.

त्या दिवशी दोन तास बोलणं झालं. त्यातलं जे प्रत्येक घराच्या उपयोगी पडेल असं वाटतं, ते इथे लिहितो.

आंब्याच्या पेटीवरून सुरुवात करू. वाशीच्या बाजारातला मुरलेला व्यापारी पेटीवर 'देवगड' छापलंय की नाही, याकडे फारसं बघत नाही. तो वरचं गवत बाजूला सारतो, फळ हातात घेतो, देठाजवळ वास घेतो आणि भाव सांगतो. रस्त्याकडेला पेटी घेणारं शहरातलं गिऱ्हाईक मात्र छापील नावावर विसंबतं. आणि दुबईत किंवा लंडनमध्ये बसून आंबा मागवणाऱ्याजवळ तर नावाखेरीज काहीच नसतं. फळ पारखायची सोय जितकी कमी, तितकी नावाची किंमत जास्त.

मायकल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञानं १९७३ साली नोकऱ्यांच्या बाजाराबद्दल हेच मांडलं. २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल आणखी दोघांबरोबर त्यांना मिळालं, त्यामागे हे काम होतं. त्यांचं म्हणणं साधं आहे. माणूस कामाला कसा आहे, हे कामावर ठेवल्याशिवाय कळत नाही. मग कंपनी काहीतरी खूण शोधते. ती खूण अशी हवी, की जी कुणालाही सहज मिळवता येणार नाही. अवघड प्रवेशाच्या संस्थेची पदवी ही अशी खूण आहे. आयआयटीच्या आवारात मुलाखती घ्यायला येणारी कंपनी तिथल्या चार वर्षांच्या शिकवण्याचे पैसे मोजते, तसेच, आणि बऱ्याचदा त्याहून जास्त, जेईईनं करून ठेवलेल्या निवडीचे मोजते. निवडायचं काम आधीच कुणीतरी केलंय, आपला वेळ वाचला, एवढाच तिचा हिशोब.

हे पटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. मुळात हुशार असलेलं पोर कुठेही गेलं असतं तरी पुढे आलंच असतं का? की त्या संस्थेनं त्यात खरोखर भर घातली?

याचं उत्तर वरवर बघून मिळत नाही. मोठ्या नावाच्या संस्थेतली मुलं जास्त कमावतात, हे खरं आहे. पण ती आत जातानाच निवडलेली असतात. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोन अभ्यासकांनी २००२ साली यातून वाट काढली. अमेरिकेत १९७६ साली कॉलेजात गेलेल्या मुलांची माहिती त्यांनी घेतली आणि जोड्या लावल्या: ज्यांनी सारख्याच दर्जाच्या कॉलेजांत अर्ज केले, ज्यांना सारखेच होकार-नकार आले, पण एक मोठ्या नावाच्या कॉलेजात गेला आणि दुसरा, पैशामुळे म्हणा, घराजवळ राहायचं म्हणून म्हणा, साध्या कॉलेजात गेला. वीस वर्षांनी दोघांची कमाई पाहिली तर सरासरी फरक जवळजवळ नव्हता. मोठ्या कॉलेजाचा म्हणून जो फायदा दिसत होता, तो बहुतेक त्या मुलांचा स्वतःचाच होता.

मात्र त्याच अभ्यासात एक गोष्ट वेगळी निघाली, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. गरीब घरातल्या मुलांना मोठ्या कॉलेजाचा खरोखर फायदा झाला होता. पुढे याच दोघांनी केलेल्या अभ्यासात कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाच्या, तसंच ज्यांचे आईवडील फारसं शिकलेले नाहीत अशा मुलांबाबतही हेच दिसलं. कारण समजण्यासारखं आहे. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, उद्योजकांच्या घरातल्या मुलाला ओळखी, बोलण्याची रीत, कुठे अर्ज करायचा याची माहिती हे सगळं घरातच मिळतं. ते ज्याच्या घरात नाही, त्याला कॉलेज देतं. घराण्यात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या मुलामुलींना "नावात काय आहे, कुठेही शिक" असं सांगणं म्हणूनच मला अन्यायाचं वाटतं. असा सल्ला देणाऱ्याच्या घरात ते नाव बहुतेक आधीच असतं.

त्यानंतर २०२३ साली राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या बारा अतिशय नावाजलेल्या कॉलेजांचा अभ्यास केला: हार्वर्ड, येल यांसारखी आठ आयव्ही लीग कॉलेजं, शिवाय स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक आणि शिकागो. त्यांनी प्रतीक्षा यादीतली मुलं घेतली. यादीतून काहींना आत घेतलं जातं, काहींना नाही, आणि दोन्हीकडची मुलं गुणवत्तेनं जवळजवळ सारखी असतात. सरासरी कमाईत इथेही मोठा फरक सापडला नाही. पण अगदी वरच्या टोकाला फरक होता, आणि ठसठशीत होता. सर्वाधिक कमावणाऱ्या एक टक्क्यात जाण्याची शक्यता सुमारे दीडपट झाली होती. नावाजलेल्या कंपन्यांत काम मिळण्याची शक्यता तर जवळपास तिप्पट.

दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले की चित्र लागतं. चांगली नोकरी, बरा पगार, बरं घर, इथपर्यंतचा रस्ता बऱ्याच कॉलेजांतून जातो. मॅकिन्झीसारख्या सल्लागार कंपन्या, न्यूयॉर्कच्या बड्या गुंतवणूक बँका अशा ठिकाणी मात्र जागा मोजक्या आणि अर्ज ढिगानं असतात. या कंपन्या मुख्यतः ठरावीक कॉलेजांतच मुलाखती घ्यायला जातात. बाहेरून आलेला अर्ज वाचलाच जाईल याची खात्री नसते.

प्राध्यापकीचंही तसंच आहे, किंबहुना जास्तच. अमेरिकेतल्या विद्यापीठांत दहा वर्षांत शिकवणाऱ्या लोकांची मोजदाद २०२२ साली 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात आली होती. तिथेच पीएचडी केलेल्या प्राध्यापकांपैकी ८० टक्के लोक जेमतेम २० टक्के विद्यापीठांतून आलेले होते. बर्कली, हार्वर्ड, मिशिगन, स्टॅनफर्ड आणि विस्कॉन्सिन-मॅडिसन या पाचांनीच दर आठांतला एक प्राध्यापक घडवला होता. म्हणून संशोधनात आयुष्य काढायचं असेल तर नावाचा विचार करायलाच हवा. फक्त तिथे विद्यापीठाच्या नावाआधी मार्गदर्शकाचं नाव वाचलं जातं.

आपल्याकडे हा विषय निघाला की बाबासाहेबांची आठवण येणं अपरिहार्य आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. एडविन सेलिग्मन, जॉन ड्यूई असे शिक्षक त्यांना तिथे लाभले, आणि त्यांचं ऋण ते पुढे मानत राहिले. कोलंबियानं काय दिलं, याचं उत्तर त्यांच्या लिखाणात जागोजाग आहे. पण १९१७ साली करारानुसार बडोद्याला नोकरीसाठी आल्यावर त्याच माणसाला राहायला खोली मिळाली नाही. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं, आणि ओळख कळल्यावर तिथूनही बाहेर काढलं गेलं. न्यूयॉर्कची पदवी बडोद्यातल्या त्या दारावर कुणी वाचलीच नाही. तिथे जात वाचली गेली. नावाचं मोल वाचणाऱ्यावर किती अवलंबून असतं, याचं याहून जळजळीत उदाहरण मला माहीत नाही.

आता त्या उजवीकडच्या रकान्याकडे वळू.

जगभरातल्या विद्यापीठांना क्रमांक द्यायची पद्धत फार जुनी नाही. पहिली गाजलेली यादी २००३ साली शांघायच्या जिआओ तोंग विद्यापीठानं काढली. चीनची विद्यापीठं जगाच्या तुलनेत कुठे आहेत, हे त्यांना बघायचं होतं. त्या यादीत ३० टक्के गुण विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना मिळालेल्या नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स पदकांना आहेत. बाकीचे जवळजवळ सगळे संशोधनाला. वर्गात कसं शिकवतात, याला तिथे जागा नाही.

आपल्याकडे पालकांच्या तोंडी असते ती क्यूएस या ब्रिटिश कंपनीची क्रमवारी. त्यात जगभरच्या प्राध्यापकांना विचारलं जातं, की तुमच्या विषयात कोणत्या संस्था उत्तम आहेत. या उत्तरांना बरीच वर्षं ४० टक्के वजन होतं, आता ३० टक्के आहे. कंपन्यांना विचारून आणखी १५ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मा क्रमांक लोकांच्या मनातल्या प्रतिमेवर ठरतो. आपण तो क्रमांक पाहून प्रतिमा बनवतो, आणि ती प्रतिमा पुढच्या वर्षीच्या क्रमांकात जाऊन बसते.

हे वजन बदललं की काय होतं, ते २०२३ च्या उन्हाळ्यात दिसलं. क्यूएसनं आपली मापं बदलली: विद्यार्थ्यांमागे शिक्षक किती, याचं वजन निम्म्यावर आणलं आणि रोजगार, पर्यावरण असे नवे निकष घातले. त्या एका वर्षात आयआयटी मुंबई १७२ वरून १४९ वर गेली आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था १५५ वरून २२५ वर घसरली. विज्ञान संस्थेतल्या एकाही प्रयोगशाळेला त्या वर्षी कुलूप लागलं नव्हतं. त्यानंतर आयआयटी मुंबई ११८ वर पोहोचली आणि लगेच पुढच्या यादीत १२९ वर आली. पवईच्या त्या आवारात शिकणाऱ्या मुलाला या चढ-उतारातलं काहीही जाणवलं नसेल. २०२० साली मुंबई, दिल्ली, मद्राससह सात आयआयटींनी टाइम्स हायर एज्युकेशन या आणखी एका जागतिक क्रमवारीच्या यादीत भाग घ्यायलाच नकार दिला होता. गुण कसे देता हे आम्हाला समजत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

माहिती चुकीची गेल्याचीही उदाहरणं आहेत. कोलंबिया विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकल थॅडियस यांनी २०२२ साली स्वतःच्याच विद्यापीठानं दिलेले आकडे तपासले. वर्गातली मुलांची संख्या, शिक्षकांची पात्रता हे जुळत नव्हतं. विद्यापीठाला चुका मान्य कराव्या लागल्या आणि अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध यादीत ते दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. स्वतःच्या संस्थेविरुद्ध असं उभं राहणाऱ्या शिक्षकाबद्दल मला फार आदर वाटतो.

तेव्हा १४० आणि १९० मधल्या फरकावर घराचा निर्णय घेऊ नका. पहिल्या वीसांतलं विद्यापीठ आणि सहाशेव्या क्रमांकाचं विद्यापीठ यांच्या संशोधनात फरक असतो, तो मानायला हवा. मधल्या गर्दीत मात्र क्रमांक फारसं काही सांगत नाही.

पण एक सावधगिरी. क्रमांक कितीही कच्चा असला, तरी काही ठिकाणी तो थेट नियमात लिहिलेला आहे, आणि तिथे वाद घालून उपयोग नाही. ब्रिटननं मे २०२२ मध्ये गुणवंत पदवीधरांसाठी एक व्हिसा सुरू केला. नोकरी हातात नसताना दोन वर्षं तिथे राहता येतं, पीएचडी असेल तर तीन. अट अशी, की पदवी ब्रिटनबाहेरच्या ठरावीक यादीतल्या विद्यापीठाची हवी, आणि ती यादी तीन जागतिक क्रमवारींवरून बनते. सुरुवातीच्या त्या यादीत भारतातलं एकही विद्यापीठ नव्हतं. आपल्या राज्यात अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती क्यूएस क्रमांकाच्या मर्यादेशी बांधलेली आहे. जागा ७५. अशा विद्यार्थ्याला अर्ज करताना क्रमांक बघावाच लागतो, कारण त्याच्यावर विमानाचं तिकीट अवलंबून आहे. कर्जाचंही तसंच: २०२४ साली मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामिनाशिवाय कर्ज मिळतं, पण देशातल्या क्रमवारीवरून निवडलेल्या संस्थांत (सुरुवातीला त्या ८६० होत्या) प्रवेश असेल तरच.

उलट काही दारांवर नाव कुणी विचारतच नाही. कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या गुणांकात पदवी कोणत्या पातळीची आहे याला गुण आहेत, विद्यापीठाच्या प्रसिद्धीला शून्य. अमेरिकेत शिकल्यावर मिळणारा कामाचा परवाना विज्ञान-अभियांत्रिकीच्या मुलांना एकूण तीन वर्षांचा असतो. मान्यता असलेल्या छोट्या राज्य विद्यापीठातून शिकलेल्यालाही तो तितकाच. तिथल्या नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसात अमेरिकी मास्टर्सवाल्यांसाठी २०,००० ची वेगळी सोय आहे. ती हार्वर्ड की आणखी कुठलं हे बघत नाही, पण नफ्यासाठी चालवलेल्या खासगी संस्थेची पदवी तिथे चालत नाही. चकचकीत माहितीपुस्तिकेत ही ओळ सापडणार नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. जर्मनी तुमचं इथलं विद्यापीठ त्यांच्या सरकारी नोंदीत मान्य आहे का ते बघतं आणि कागद खरे असल्याचं एपीएस प्रमाणपत्र मागतं. डॉक्टरांना तर नावापेक्षा त्या त्या देशाची परवाना परीक्षाच महत्त्वाची.

आता आपल्या इथल्या नावांबद्दल थोडं, कारण त्यात एक वेगळीच गुंतागुंत आहे. आपल्या पदवीवर विद्यापीठाचं नाव असतं, पण ओळख कॉलेजाची असते. मुंबई विद्यापीठ १८५७ चं आणि पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय, आपलं सीओईपी, १८५४ चं. म्हणजे कॉलेज विद्यापीठाहून तीन वर्षांनी मोठं. "सीओईपीचा आहे", "व्हीजेटीआयची आहे" म्हटल्यावर पुणे-मुंबईत जे कळतं, ते टोरांटोतल्या मनुष्यबळ अधिकाऱ्याला कळत नाही. सीओईपी २०२२ पासून स्वतःच विद्यापीठ झालं, पण एरवी त्याला फक्त विद्यापीठाचं नाव दिसतं, आणि त्या नावाखाली शेकडो कॉलेजं असतात. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झाली. जुने लोक तिला अजून यूडीसीटीच म्हणतात. जगातल्या कुठल्याही मोठ्या रसायन कंपनीच्या संशोधन विभागात ते नाव ओळखणारं कुणीतरी भेटतं. रसायनाबाहेरच्या जगात मात्र त्याच नावाचं स्पष्टीकरण द्यावं लागतं.

विषयातलं नाव आणि जगातलं नाव असा हा फरक आहे, आणि मी स्वतः पहिल्याला जास्त मोल देतो. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराच्या मुलीला द्राक्ष आणि वाइन शिकायची असेल तर कॅलिफोर्नियातलं डेव्हिस, शेती-अन्नप्रक्रियेसाठी नेदरलँड्समधलं वाखेनिंगेन ही नावं त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहेत. तिच्या शेजाऱ्यांनी ती ऐकलेली नसतील. शेजारी तिला नोकरी देणार नाहीत.

आता परदेशी नावं दारात येत आहेत. जून २०२५ मध्ये नवी मुंबईत केंद्रं उघडण्यासाठी यॉर्क, ॲबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया अशा पाच परदेशी संस्थांना इरादापत्रं मिळाली. तिथे प्रवेश घेताना मूळ आवारातले शिक्षक किती, माजी विद्यार्थ्यांच्या जाळ्यात जागा आहे का आणि त्या देशात काम करायचा परवाना पदवीबरोबर येतो का, हे विचारून घ्या. पेटीवरचं नाव तेच असेल. बाग वेगळी आहे.

तर त्या सांगलीच्या मुलीकडे येतो. तिचा विषय पाणी शुद्धीकरण. तिला मी विचारलं, "शिकून कुठे राहायचं आहे तुला?" ती पहिल्यांदाच बोलली. "परत यायचंय. आमच्याकडं कृष्णेच्या पाण्याचं काम आहे तेवढं करायला."

मग वडिलांना म्हटलं, हिचा अर्ज इथे कोण वाचणार, ते आधी बघू. पुण्या-मुंबईतल्या पाण्याच्या कंपन्या, सल्लागार, कदाचित जीवन प्राधिकरणाची कामं घेणारे लोक. यातल्या कुणाला ब्रिटनमधलं ते दीडशेच्या आतलं विद्यापीठ माहीत असेल? जर्मनीतलंही नसेल. ते विचारतील, कुठल्या प्रकल्पावर होतीस, कुठला प्लांट चालवलास. ब्रिटनच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमात प्लांटवर जायला वेळ किती, आणि जर्मनीतल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात किती?

ते तक्ता परत घेऊन निघाले, तेव्हा मी मुलीला एक काम दिलं. दोन्ही अभ्यासक्रमांतून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली भारतीय मुलं लिंक्डइनवर शोधायची आणि तीनच गोष्टी विचारायच्या: पहिली नोकरी किती महिन्यांत लागली, ती याच विषयात होती का, आणि आज कर्ज किती शिल्लक आहे. विद्यापीठानं निवडून दिलेल्या मुलांना विचारू नकोस, स्वतः शोध, असंही सांगितलं.

तिनं चौदा जणांना लिहिलं. सहा जणांनी उत्तर दिलं, त्यातल्या दोघांनी रात्री उशिरा फोन करून तासभर माहिती दिली. उत्तरं तिनं त्याच तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहून काढली आहेत. पुण्याच्या नोकरीवर ती जुलैत रुजू होते आहे, आणि शनिवार-रविवारच्या जर्मनच्या वर्गाचे पैसेही भरले आहेत.